लोक वाचत नाहीत, मग तीन हजार शब्द कुणासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: लहान व्यवसायांच्या वेबसाइट सांभाळायची सेवा आम्ही दोघं भागीदार चालवतो. अपडेट, बॅकअप, सुरक्षा, बारीकसारीक बदल, आणि त्यासाठी दरमहा ठरावीक शुल्क. जाहिरातींमधून महिन्याला साधारण चारशे लोक आमच्या लँडिंग पेजवर, म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर, येतात, त्यातून सात-आठ चौकश्या होतात. पान जेमतेम तीनशे शब्दांचं आहे. एका सल्लागाराने सांगितलं की लांबलचक पान जास्त विकतं, म्हणून मी तीन हजार शब्द लिहिले. भागीदार म्हणतो, लोक वाचतच नाहीत. मला स्वतःलाच ते वाचताना संकोच वाटला, जणू फेरीवाल्यासारखं ओरडतोय. पान किती लांब असावं? पटवून देणं कुठे संपतं आणि गळ्यात मारणं कुठे सुरू होतं? आणि पुन्हा लिहायला बसायचं तर कुठून? मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तर:

तुमचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा तुमचा ग्राहक वाचेल तसा, मथळ्यांवरून नजर फिरवत, आणि नंतर ओळ न ओळ. पहिल्या वाचनात हाती काही लागलं नाही. दुसऱ्यात सतराव्या परिच्छेदात एक वाक्य सापडलं: ‘घेतलेला बॅकअप महिन्यातून एकदा वेगळ्या जागी प्रत्यक्ष उभा करून पाहतो.’ म्हणजे त्यावरून वेबसाइट खरंच चालू होते का, ते तपासता. अख्ख्या मसुद्यात हे एकच वाक्य असं आहे, जे तुमचा स्पर्धक डोळे झाकून आपल्या पानावर चिकटवू शकणार नाही. ते इतकं खाली का दडून बसलं, हे कळलं तर तुमचे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतील.

आधी भागीदाराचं म्हणणं. ‘लोक वाचत नाहीत’ हे अर्धं खरं आहे. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुपने २०१८ मध्ये डेस्कटॉपवरच्या वाचकांच्या नजरेचा माग काढला. पानावर गेलेल्या वेळापैकी ५७ टक्के वेळ स्क्रोल न करता दिसणाऱ्या भागावर गेला, आणि पहिल्या दोन स्क्रीन मिळून ७४ टक्के. म्हणजे वरच्या भागाला पर्याय नाही. पण ही सरासरी आहे, आणि तुम्हाला सरासरी माणसाला काही विकायचं नाही. तुमच्या चारशेंपैकी बहुतेक जण काहीही केलं तरी ग्राहक होणार नाहीत. कुणाची वेबसाइटच नसते, कुणी चुकून क्लिक करतो, कुणी नुसताच भाव बघत असतो. त्यांनी वाचलं नाही याची खंत कशाला? ज्याची वेबसाइट परवा बंद पडली होती, तो मात्र वाचतो. सलग नाही, पण मथळे चाळत आपल्या शंकेपाशी थांबतो आणि तेवढा भाग नीट वाचतो. ती शंका पानावर नसेल, तर तो निघून जातो. तुम्हाला विचारायला फोन करत नाही.

सल्लागाराचं म्हणणंही अर्धवटच. लांबीने कुणी पटत नाही. वाचकाच्या मनातल्या एकेका शंकेला उत्तर देत गेलं की पान आपोआप लांब होतं. शंका कमी असतील तर आखूड पान पुरतं. फुकट नमुना मिळणारी, हवी तेव्हा सोडता येणारी गोष्ट विकायला दोनशे शब्द पुष्कळ झाले. तुमची सेवा तशी नाही. तुम्ही अनोळखी माणसाकडून त्याच्या दुकानाची किल्ली, म्हणजे ॲडमिन पासवर्ड, मागता. पैसे दर महिन्याला घेता. आणि काम चोख झालं तर ग्राहकाला काहीच दिसत नाही, कारण काही बिघडतच नाही. अशी सेवा तीनशे शब्दांत पटवता येत नाही. म्हणून जुनं पान तोकडं पडतंय हे सल्लागाराचं निदान बरोबर, पण औषध चुकलं.

लांबी ठरवताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते: वाचक कुठल्या पायरीवर उभा आहे. अमेरिकन कॉपीरायटर, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणारे, युजीन श्वार्ट्झ यांनी १९६६ मध्ये या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवरच्या माणसाला अडचणीची जाणीवच नसते. दुसऱ्यावरच्याला अडचण कळते, उपाय माहीत नसतो. तिसऱ्यावरच्याला उपाय ठाऊक असतो, तुम्ही ठाऊक नसता. चौथ्यावरच्याला तुम्ही माहीत असता, पण खात्री नसते. पाचव्यावरच्याला फक्त भाव आणि बटण हवं असतं. पायरी जितकी खालची, तितकं जास्त सांगावं लागतं. आता तुमच्या जाहिराती बघा. ‘वेबसाइट देखभाल सेवा’ असं शोधून येणारा तिसऱ्या पायरीवर आहे. ‘वेबसाइट उघडत नाही काय करू’ असं शोधून येणारा दुसऱ्यावर आहे आणि घाबरलेलाही. तुम्ही दोघांना एकाच पानावर आणता. निदान वरचा भाग तरी दोघांसाठी वेगळा हवा. मथळा आणि पहिला परिच्छेद बदललेल्या दोन प्रती करायला एक दुपार पुरते. माणसाने जाहिरातीत जे शब्द वाचून क्लिक केलं, तेच शब्द त्याला पानाच्या मथळ्यात दिसले पाहिजेत. नाहीतर आपण चुकीच्या जागी आलो असं वाटून तो मागे फिरतो.

मसुद्याचं काय बिघडलं

पहिले सहाशे शब्द तुमची स्थापना, तुमचं ध्येय आणि तुमची मूल्यं यांवर गेलेत. नमनालाच घडाभर तेल. जवळजवळ प्रत्येक परिच्छेद ‘आम्ही’ने सुरू होतो. ‘सर्वोत्तम’, ‘अत्याधुनिक’, ‘विश्वासार्ह’ हे शब्द पानभर विखुरलेत. अशा शब्दांसाठी एक सोपी कसोटी आहे: याच्या उलट कुणी लिहील का? ‘आम्ही बेभरवशाची सेवा देतो’ असं कुणीच लिहीत नाही. मग ‘विश्वासार्ह’ लिहून वाचकाला नवं काय कळलं? तुम्हाला जो संकोच वाटला तो याच शब्दांमुळे. ठोस सांगायला काही नसलं की आवाज चढतो, फेरीवाल्याचंही तसंच होतं. बॅकअपबद्दलचं ते वाक्य वाचताना तुम्हाला संकोच वाटला नसणार.

पण ठोस माहिती आणायची कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! टेबलाशी बसून ती सुचत नाही. तुम्हाला ती ग्राहकांकडून मिळेल, आणि थोडी तुमच्याच कामाच्या पद्धतीतून.

गेल्या सहा महिन्यांत आलेले सहा ते आठ ग्राहक निवडा. त्याआधीच्यांना निर्णय कसा घेतला हे नीट आठवत नाही, आणि माणूस नंतर रचलेलं कारण सांगतो. शिवाय चौकशी करून नकार दिलेले दोघे-तिघे मिळाले तर फारच उत्तम. प्रत्येकाशी वीस-पंचवीस मिनिटं बोला, परवानगी घेऊन संभाषण ध्वनिमुद्रित करा. ‘आमची सेवा कशी वाटते?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका, त्यावर फक्त सभ्यपणा ऐकू येतो. त्याऐवजी असं विचारा: ज्या दिवशी अशी सेवा शोधायला लागलात, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? तोवर हे काम कोण करत होतं? आणखी कुणाकुणाचा विचार केलात? पैसे देण्याआधी कशामुळे अडखळलात? आणि आज कुणी ओळखीच्याने विचारलं तर आमच्याबद्दल एका वाक्यात काय सांगाल? उत्तर आल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहा. कामाची गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतर येते.

मग शब्द न शब्द कागदावर उतरवा. ‘ग्राहकाला सुरक्षेची चिंता होती’ असा सारांश केलात तर सगळं वाया गेलं. तो ‘पासवर्ड दिला आणि उद्या हे गायब झाले तर?’ असं म्हणाला असेल, तर तेच लिहा. हे वाक्य जसंच्या तसं उपमथळा म्हणून वापरता येईल. तुम्ही कितीही डोकं खाजवलंत तरी याहून चांगला सुचणार नाही. एका तक्त्यात चार रकाने करा: शोध सुरू व्हायचं कारण, शंका, दुसरे पर्याय, त्यांचे शब्द. जुने ईमेल, चॅट, दरपत्रक पाठवल्यावर आलेले प्रश्न, सगळं त्याच तक्त्यात टाका.

जी शंका तीन किंवा जास्त जणांकडून आली, तिला पानावर स्वतंत्र भाग. एखाद्याच माणसाची असेल तर शेवटच्या प्रश्नोत्तरांत. एका शंकेचं पुराव्यासह उत्तर साधारण शंभर ते दीडशे शब्दांत होतं. तुमच्यासारख्या सेवेत अशा मोठ्या शंका आठ-दहा निघाव्यात. म्हणजे वरचा भाग आणि प्रश्नोत्तरं धरून पान दीड ते दोन हजार शब्दांवर येईल. किती लांब, या प्रश्नाचं उत्तर मी आधी न देण्याचं कारण हेच. ते तुमच्या तक्त्यातून निघायला हवं.

वरचा भाग

सध्याचा मथळा ‘तुमच्या डिजिटल यशाचा विश्वासू भागीदार’ असा आहे. हे काय विकतात हे त्यावरून ओळखा पाहू! बँकही असेल, शिकवणीही असेल. मथळ्याने दोन कामं करायची: हे काय आहे ते सांगायचं, आणि पुढे का वाचावं याला एक कारण द्यायचं. प्रसिद्ध जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्ही यांनी १९५८ मध्ये रोल्स-रॉइस मोटारीच्या जाहिरातीसाठी लिहिलेला मथळा आजही उदाहरण म्हणून दाखवतात. त्याचा आशय असा की ताशी ६० मैल वेगाने जाताना या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा. मथळ्यात ‘शांत’ किंवा ‘आलिशान’ असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि ती कल्पना ओगिल्व्ही यांची स्वतःची नव्हती. मोटारींच्या एका नियतकालिकातल्या तांत्रिक संपादकाचं ते निरीक्षण होतं, ओगिल्व्हींनी ते वाचनात हेरलं. चांगला मथळा बहुधा असाच कुठेतरी लिहिलेला असतो, तुमचा सतराव्या परिच्छेदात होता.

त्यावरून असं काही करता येईल: ‘वेबसाइटचे अपडेट, बॅकअप आणि लहानमोठे बदल आमच्यावर सोडा. बॅकअप आम्ही नुसता घेत नाही, दर महिन्याला उभा करून पाहतो.’ त्याखाली कुणासाठी आणि कशी, एवढंच सांगणारी एक ओळ: ‘ज्या व्यवसायांकडे स्वतःचा तांत्रिक माणूस नाही त्यांच्यासाठी. ठरावीक मासिक शुल्क, वर्षाचा करार नाही.’ मग बटण. ‘संपर्क साधा’ हे बटण वाचकाला काम सांगतं, काय मिळणार ते सांगत नाही. ‘माझ्या वेबसाइटची तपासणी मागवा’ असं लिहा आणि खाली बारीक अक्षरात: ‘दोन कामकाजी दिवसांत लेखी अहवाल ईमेलने येईल. पासवर्ड लागणार नाही.’ बटण दाबल्यावर काय होईल हे माहीत नसणं हा चौकशीतला मोठा अडथळा असतो. लोकांना भीती असते की आता रोज फोन येत राहतील. अर्थात, जे देणार नाही ते लिहू नका. तपासणीचा अहवाल दोन दिवसांत होणारा नसेल तर चार लिहा.

पद्धत दाखवा

मसुद्यात तुम्ही सर्वांत कमी जागा दिलीत ती प्रत्यक्ष कामाच्या वर्णनाला. ‘हे तर सगळेच करतात, त्यात सांगण्यासारखं काय?’ असं पत्रात म्हटलंय. जुन्या काळातले अमेरिकन जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स यांना श्लिट्झ या बिअर कंपनीत हेच ऐकायला मिळालं होतं. बाटल्या कशा धुतात, हवा कशी गाळून घेतात, पाणी किती खोलातून काढतात, हे पाहून ते थक्क झाले. कंपनीचं म्हणणं, सगळेच असं करतात. हॉपकिन्स यांचं म्हणणं, पण कुणी सांगत नाही. त्यांनी ते जाहिरातीत सांगितलं, आणि ‘शुद्ध’ या शब्दाला पहिल्यांदा काही वजन आलं.

तुमचा वाचक तंत्रज्ञ नाही. पद्धत समजली म्हणून तो तुमच्याकडे येत नाही. पद्धत आहे, एवढं दिसलं की त्याला पुरतं. ‘आम्ही नियमित अपडेट करतो’ ऐवजी असं लिहा: ‘अपडेट थेट चालू वेबसाइटवर करत नाही. आधी तिची हुबेहूब प्रत काढतो, प्रतीवर अपडेट लावतो, मग चौकशीचा फॉर्म भरून पाहतो, लॉगिन करून पाहतो, खरेदीची सोय असेल तर एक ऑर्डर शेवटपर्यंत नेतो. सगळं ठीक असेल तरच चालू वेबसाइटला हात लावतो.’ चाळीसेक शब्द झाले आणि स्तुतीचं विशेषण एकही नाही. वाचकाला आधीच्या माणसाने अपडेट केल्यावर फॉर्म बंद पडल्याचं आठवतं, आणि पुढचं तो स्वतःच जुळवतो.

बॅकअपचंही तसंच. किती वेळाने घेता, कुठे ठेवता, किती दिवस ठेवता, हे तिन्ही लिहा. त्यातही ‘कुठे’ सर्वांत महत्त्वाचं: ज्या सर्व्हरवर वेबसाइट आहे तिथेच बॅकअप असेल, तर सर्व्हरबरोबर तोही जातो. हे एका ओळीत समजावून सांगितलंत तर वाचक आपल्या सध्याच्या माणसाला जाऊन विचारेल, ‘आपला बॅकअप कुठे असतो?’ त्या माणसाचं उत्तर अडखळलं तर तुमची अर्धी विक्री तिथेच झाली.

आकडा द्याल तिथे त्याचा अर्थही सांगा. ‘९९.९ टक्के अपटाइम’, म्हणजे तेवढा वेळ वेबसाइट चालू, हे तुमच्या मसुद्यात मोठ्या अक्षरात आहे. ऐकायला छान, पण तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटं बंद, वर्षाला पावणेनऊ तास. हे तुमच्या हातात नसून होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे जिच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवलेली असते तिच्या, हातात असेल, तर तो दावा मुळात करूच नका. तुमच्या हातात आहे ते लिहा: बंद पडल्याचं किती मिनिटांत कळतं, रात्री कळलं तर कोण उठतं, ग्राहकाला कधी आणि कसं कळवता.

पुरावा, भाव, आणि कुणासाठी नाही

अभिप्राय घेताना स्तुती मागू नका, शंका मागा. ‘खूप छान सेवा, धन्यवाद’ या ओळीचा पानाला काडीचा उपयोग नाही. ‘पासवर्ड द्यायला कचरत होतो. त्यांनी वेगळं खातं उघडायला लावलं, जे मी कधीही बंद करू शकतो’ हा अभिप्राय पासवर्डच्या शंकेशेजारी ठेवला की तिथे काम करतो. सगळे अभिप्राय एका जागी रचून ठेवू नका, ज्या शंकेचं उत्तर त्यात आहे तिच्या खाली एकेक लावा. लेखी परवानगी घ्या, आणि भाषा सुधारायच्या फंदात पडू नका. थोडी अडखळती वाक्यं जास्त खरी वाटतात, कारण ती खरी असतात.

भाव लिहायचा की नाही, यावर तुमचं दोघांचं एकमत नाही असं दिसतं. ठरावीक मासिक शुल्क असताना ते लपवणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. कामागणिक दर खूप बदलत असेल तर ‘इतक्यापासून पुढे’ आणि तो कशावरून वाढतो हे लिहा. ज्याला परवडणार नाही तो पानावरूनच परत जाईल आणि तुमचा अर्धा तास वाचेल. भावाशेजारी तुलनाही हवी, पण वाचक खरोखर ज्या पर्यायांत अडकलाय त्यांच्याशी: स्वतः करणं, बिघडलं की कुणालातरी शोधणं, किंवा काहीच न करणं. शेवटचा पर्याय हाच तुमचा सर्वांत मोठा स्पर्धक आहे. तिन्हींचे फायदेही प्रामाणिकपणे लिहा. ‘वेबसाइट वर्षातून एकदा बदलत असेल आणि ती बंद पडून धंद्याला फरक पडत नसेल, तर तुम्हाला आमची गरज नाही’ हे वाक्य पानावर ठेवायला धाडस लागतं. पण ते वाचल्यावर बाकीच्या पानावरचा विश्वास वाढतो, आणि जो उरतो तो स्वतःशी ‘मला गरज आहे’ असं म्हणून उरतो.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पटवणं आणि गळ्यात मारणं यांतला फरक शब्दांच्या जोरात नसतो. पडद्यामागचं सगळं वाचकाला दाखवलं तरी तो तोच निर्णय घेईल का, हे स्वतःला विचारा. मसुद्यातलं उलटी मोजणी करणारं घड्याळ पान पुन्हा उघडलं की नव्याने सुरू होतं. हे वाचकाला कळलं तर? मग ते काढून टाका. वाचकाला चकवून हो म्हणायला लावणाऱ्या अशा रचनांना ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं, आणि आता सामान्य वाचकही त्या ओळखायला शिकलाय. मर्यादा खरी असेल तर कारणासह सांगा: ‘आम्ही दोघंच आहोत, महिन्याला तीनच नवे ग्राहक नीट सुरू करून देता येतात.’ हे पटतं, कारण त्यात तुमची अडचणही दिसते.

भीतीबद्दलही थोडं. तुमच्या धंद्यात हॅकरचं भूत उभं करणं फार सोपं आहे, आणि मसुद्यात ते चार वेळा उभं राहिलंय. वाचक घाबरला आणि पुढे काय करायचं हे लगेच दिसलं नाही, तर तो पान मिटतो. नुकसान त्याच्या रोजच्या कामातलं दाखवा: फॉर्म आठवडाभर बंद होता, चौकश्या आल्याच नाहीत, आणि कुणाला पत्ताही नव्हता. हे जास्त वेळा घडतं आणि जास्त खरं वाटतं. लगेच खाली, हे आम्ही कसं पकडतो ते लिहा.

हमीचं फार ताणू नका. ‘पहिल्या महिन्यात समाधान नसेल तर पैसे परत, आणि सगळे पासवर्ड आणि बॅकअप त्याच दिवशी तुमच्या हवाली’ यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. अडकून पडण्याची भीती पैशांच्या भीतीहून मोठी असते.

मांडणी, थोडक्यात

उपमथळे पूर्ण वाक्यांत लिहा. ‘आमच्या सेवा’, ‘वैशिष्ट्ये’ ही नुसती लेबलं झाली. लिहून झाल्यावर फक्त उपमथळे एका कागदावर उतरवा. तेवढ्यावरून काय विकता आणि का घ्यावं हे कळलं पाहिजे. परिच्छेद फोनवर चार-पाच ओळींपेक्षा मोठा होऊ देऊ नका. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा बारीक नको. आणि देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना खेटतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट, शक्यतो थोडं जास्त ठेवा. बटण तीन-चार ठिकाणी चालेल, पण प्रत्येक ठिकाणी मागणी एकच. ‘तपासणी मागवा’, ‘वार्तापत्र घ्या’, ‘आमचा ब्लॉग वाचा’ अशी पाच दारं उघडी ठेवलीत तर वाचक सहाव्यातून जातो. वरची मेनूपट्टीही काढा. फॉर्ममध्ये नाव, ईमेल, वेबसाइटचा पत्ता बस्स, फोन ऐच्छिक. पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, गूगलने चांगल्या पानासाठी ठरवलेली मर्यादा तीच आहे. वेबसाइट सांभाळणाऱ्यांचंच पान रेंगाळत उघडलं तर वरच्या दोन हजार शब्दांवर कोण विश्वास ठेवील?

सुधारलं की नाही, कसं कळणार

सल्लागार तुम्हाला आता ए/बी चाचणी करायला सांगेल, म्हणजे पानाच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठली सरस ते पाहायला. करू नका, तुमच्याकडे तेवढे लोक येत नाहीत. येणाऱ्यांपैकी चौकशी करणाऱ्यांचं सध्याचं प्रमाण सुमारे २ टक्के आहे. ते ३ टक्क्यांवर गेलं हे नेहमीच्या सांख्यिकी निकषांवर ओळखायला प्रत्येक आवृत्तीला साधारण ३८०० लोक लागतात, दोन्ही मिळून ७६००. महिन्याला चारशेच्या हिशेबाने झाले एकोणीस महिने. आणि वाढ २ वरून २.४ इतकीच असेल तर प्रत्येकी २१ हजार. दोन आठवड्यांत ‘हिरवं बटण जिंकलं’ असं कुणी सांगितलं, तर तो नाणेफेकीचा निकाल आहे.

त्याऐवजी पाच जणांना पकडा. तुमच्या ग्राहकांसारखे, पण तुम्हाला न ओळखणारे. आधी वरचा भाग पाच सेकंद दाखवून झाका आणि विचारा: हे काय विकतात, कुणाला? पाचातल्या चौघांना सांगता आलं नाही, तर खालचं काहीही दुरुस्त करण्यात अर्थ नाही. मग पान मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळतात, हसतात किंवा ‘हो का?’ म्हणतात तिथे खूण करा. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटीसारखं फुकट साधन लावून लोक कुठपर्यंत स्क्रोल करतात तेही बघा. मात्र ‘शेवटपर्यंत कमीच लोक जातात’ एवढ्यावरून शेवट कापू नका, चौकशी करणारे कुठपर्यंत गेले होते ते पाहा. आणि नवं पान लावाल त्या महिन्यात जाहिरातींना हात लावू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

चौकश्यांची संख्या तुमच्या आकारमानावर तशीही उड्या मारेल: या महिन्यात पाच, पुढच्या महिन्यात अकरा, आणि दोन्हींना काही कारण नसेल. त्यापेक्षा फोनवर येणारे प्रश्न मोजा. पासवर्डबद्दल विचारणं थांबलं तर तो भाग काम करतोय. तेच तीन-तीनदा विचारलं जात असेल, तर उत्तर पानावर नाही किंवा चुकीच्या जागी आहे.

फॉर्मच्या शेवटी एक ऐच्छिक प्रश्न ठेवा: ‘चौकशी करण्याआधी कोणती शंका होती?’ दोन-चार जणच भरतील. जे येईल ते त्याच चार रकान्यांच्या तक्त्यात टाका. नवी शंका तिसऱ्यांदा आली की पानावर तिच्यासाठी भाग वाढवा, आणि जिच्याबद्दल सहा महिन्यांत कुणी विचारलं नाही, बोलतानाही तिचा उल्लेख आला नाही, ती प्रश्नोत्तरांत खाली ढकला.